मदत हवी आहे: संख्यारेषेवर दोन तुकडे असतील तर असमानता कशी लिहायची? (अकरावी)

तापीकाठ: मंडळी, पुतणी चोपड्याला अकरावी सायन्सला आहे. असमानता सोडवून रेषेवर दाखवणं तिला जमतं, उलटं आलं की अडते. पोकळ वर्तुळ म्हणजे ती संख्या सोडायची, भरीव म्हणजे धरायची, इतपत मलाही येतं. पुढचं आमच्यासारख्या बी.ए.वाल्याचं काम नाही.

आकृती अशी: −२ वर पोकळ वर्तुळ, तिथून डावीकडे बाण. ३ वर भरीव, तिथून उजवीकडे बाण. मधला भाग कोरा. तिने ३ ≤ क्ष < −२ लिहिलं. उत्तरसूचीत आहे "क्ष < −२ किंवा क्ष ≥ ३". पोरगी म्हणते, दोन्ही एकच. तसं आहे का? आणि दुसऱ्या एका गणिताचं उत्तर ५ > क्ष दिलंय, तिचं क्ष < ५ आहे. मार्क जातील का?

कपाशीवाला: दुसऱ्याचं आधी. दोन्ही एकच, मार्क जायचं कारण नाही. फक्त "बाण जिकडे, चिन्हाचं टोक तिकडे" ही क्लासवाली युक्ती क्ष डावीकडे लिहिला तरच चालते. ५ > क्ष मध्ये टोक उजवीकडे आहे, रेषेवरचा बाण मात्र डावीकडे.

पहिल्यात फरक आहे भाऊ. ३ ≤ क्ष < −२ म्हणजे एकच संख्या ३ किंवा त्याहून मोठी आणि त्याच वेळी −२ पेक्षा लहान. अशी संख्या आहे कुठे? तिला रंगवलेल्या भागातला ४ घालून बघायला सांगा. ४ < −२ होत नाही, म्हणजे तिचं उत्तर आकृतीतल्याच संख्येला बाहेर काढतं. रंग दोन टोकांच्या मध्ये असेल तरच एका ओळीत लिहायचं.

मधल्या रंगाला आपल्याकडचं उदाहरण सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, कापूस खरेदीचं. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर १२ पर्यंत भाव कापून, १२ च्या वर माल घेतच नाहीत. भाव कापण्याची रेषा काढा: ८ वर पोकळ, १२ वर भरीव, मध्ये रंग. ८ < ओ ≤ १२. पूर्ण भावाच्या रेषेत तोच ८ भरीव होतो, कारण नेमका ८ कुठल्या तरी एकाच बाजूला मोजावा लागतो. सीझनला केंद्रावर गाडी घेऊन उभं राहिलेल्याला हे शिकवावं लागत नाही!

तापीकाठ: ४ घालून दाखवला, लगेच पटलं तिला. अजून एक, भो. रेषेवर नुसते चार भरीव ठिपके: −१, ०, १, २. मध्ये रंग नाही, बाण नाही.

कपाशीवाला: मग क्ष पूर्णांक आहे. −१ ≤ क्ष ≤ २ लिहा आणि शेजारी "क्ष पूर्णांक" लिहायला विसरू नका, नाहीतर अर्धा-पाऊणही आत येतात. आणि सूचीत −२ < क्ष < ३ दिसलं तर घाबरू नका. पूर्णांकांत दोन्ही बरोबर.