मदत हवी आहे: गाडीवरच्या सिल्व्हर मेटॅलिक पॅचभोवती गडद वलय, क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) कुठे संपवू?

गाडीच्या मागच्या चाकाच्या कमानीवर तळहाताएवढ्या भागात गंज फुगला होता. पत्रा आरपार गेलेला नाही. टोचून पाहिलं, आतूनही घट्ट आहे. ८० नंबरच्या घासपेपरने चकचकीत पत्र्यापर्यंत घासलं, खड्ड्यांतल्या काळ्या ठिपक्यांना रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज निष्क्रिय करणारं रसायन), मग धुऊन-वाळवून इपॉक्सी प्रायमर, पातळ पुट्टी, टू-के (हार्डनर मिसळून कडक होणारा) प्रायमर आणि शेवटी ८०० चा ओला पेपर. नखाला कुठे कड लागत नाही, म्हणजे खालचं काम ठीक आहे.

अडचण रंगाची. कलर कोडवरून भरून घेतलेला बेसकोट (क्लिअरखालचा रंगाचा थर) समोरून अगदी जुळतो, पण तिरकं पाहिलं की पॅचच्या कडेला गडद वलय दिसतं. भोवतीचा जुना क्लिअर १००० ने मॅट केला होता, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा थोडा पुढे नेला, शेवटचा लांबून हलका मारला. मला वाटतं तिथेच घोटाळा आहे: कडेला फवारा कोरडा पडून मेटॅलिकचे कण आडवे न बसता उभे राहतात.

कॉम्प्रेसर नाही, सगळं स्प्रे कॅननेच करायचंय. टू-के क्लिअरचा कॅन अजून फोडलेला नाही. हार्डनरची पिन दाबली की तो लवकर संपवावा लागतो, म्हणून आधी विचारतोय.

बेसकोट परत मारण्याआधी कडेच्या भागावर ब्लेंडिंग क्लिअरचा (रंगाची कड विरवायला मदत करणाऱ्या पारदर्शक द्रवाचा) ओला थर दिला तर वलय जाईल का? आणि क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा) वर छतापर्यंत सलग आहे, मध्ये जोड नाही. तर क्लिअर खिडकीमागच्या अरुंद खांबावर फेड-आउट थिनरने (क्लिअरची कड विरघळवणाऱ्या द्रवाने) विरवू, की छतापर्यंत पूर्ण नेऊ?