ओगेदेई खान मेला म्हणून युरोप वाचला, हे कितपत खरं?

गडवाट:
मंडळी, सध्या मंगोलांवर वाचतोय आणि एका ठिकाणी अडकलोय. एप्रिल १२४१, नऊ तारखेला पोलंडात लेग्नित्सा, लगेच अकराला हंगेरीत मोही, दोन्हीकडे युरोपियन फौजांचा धुव्वा, राजा बेला चौथा जीव घेऊन पळतोय, आणि १२४२ मध्ये हे लोक चक्क माघारी फिरले. कारण सगळीकडे एकच, डिसेंबर १२४१ मध्ये मंगोलांचा सर्वोच्च खान, म्हणजे चंगेजचा मुलगा ओगेदेई वारला आणि नवा खान निवडायला सगळ्यांना मंगोलियात जायचं होतं. सतत जिंकत आलेली फौज एका माणसाच्या मरणाने मागे फिरते? वारस आधी ठरवायची पद्धत नव्हती का त्यांच्यात?

सायंतारा:
वारस ठरवला तरी कुरुलताईने, म्हणजे राजघराणं आणि बड्या सरदारांच्या सभेने, मान्यता दिल्याशिवाय तो खान होत नसे. ओगेदेईला तर खुद्द चंगेजने निवडलं होतं, कारण थोरले दोघे मुलगे जोची आणि चगताई एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते. तरी १२२७ मध्ये चंगेज गेल्यावर १२२९ पर्यंत धाकटा तोलुई कारभार बघत होता. आणि युरोपात गेलेल्या फौजेत चारही घरांची मुलं होती हे विसरू नका. जोचीचा बातू प्रमुख, ओगेदेईचा गुयुक, चगताईचा नातू बुरी, तोलुईचा मोंगके. रशियाच्या मोहिमेतच एका मेजवानीत बातूने वयाने थोरला म्हणून आधी प्याला उचलला तर गुयुक आणि बुरी त्याला नको ते बोलून उठून गेले, इतकं हाडवैर. अशा घरात खान मेला की मोहीम थांबणारच.

नदीकाठ:
पण बातू मंगोलियात गेलाच नाही ना! तो व्होल्गाकाठी बसून राहिला, कुरुलताई थेट १२४६ मध्ये झाली, तोवर ओगेदेईची बायको तोरेगेने राज्य चालवत होती. मला चाऱ्याचा मुद्दा जास्त पटतो. एकेका स्वाराकडे अनेक घोडी, आणि हंगेरीचं मैदान म्हणजे मंगोलियाचं गवताळ पठार नव्हे, एवढ्या जनावरांना ते पुरणार कसं. शिवाय दगडी किल्ले. डॅन्यूब गोठल्यावर ते पलीकडे गेले, एस्तरगोम शहर जाळलं, पण आतला बालेकिल्ला काही हाती आला नाही. बेलाच्या मागे मंगोल सेनापती कदान एड्रियाटिक समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत गेला तरी राजा सापडला नाही.

सायंतारा:
बातू गेला नाही हे बरोबर, आणि मला तर तीच खरी गोम वाटते. खान मेल्यावर मतदानाला पोचण्यापेक्षा आपली कुरणं आणि आपली फौज भावांच्या हाती लागू न देणं महत्त्वाचं होतं. गुयुक खान होणार हे दिसत असताना बातू हंगेरीत अडकून राहील कसा? पुढे १२४८ मध्ये, खान झालेला गुयुक फौज घेऊन पश्चिमेकडे निघाला, तो बातूवरच चालून येतोय असं खूप जणांना वाटत होतं, आणि वाटेतच मेला. मग बातूने तोलुईची विधवा सोर्खाख्तानी हिच्याशी संधान बांधून १२५१ मध्ये मोंगकेला गादीवर बसवलं, ओगेदेई आणि चगताईच्या घरातले कित्येक जण मारले गेले, बुरीसुद्धा.
१२५९ बघा. मोंगके चीनमधल्या सेचुआनच्या मोहिमेत मेला, तेव्हा बगदाद घेतलेला त्याचा भाऊ हुलागू सिरियातून बहुतेक फौज घेऊन मागे आला, तोही मंगोलियापर्यंत गेला नाही. मागे त्याचा सेनापती कितबुका याच्याकडे थोडीच माणसं उरली आणि सप्टेंबर १२६० मध्ये पॅलेस्टाइनमधल्या ऐन जालूतला इजिप्तवर राज्य करणाऱ्या मामलुकांनी कितबुकाला संपवलं. तिकडे कुबलाई आणि अरिक बोके या मोंगकेच्या सख्ख्या भावांनी वेगवेगळ्या कुरुलताई भरवून १२६४ पर्यंत एकमेकांशी लढाई केली.

गडवाट:
हे पटलं, धन्यवाद. मग हंगेरीत पुन्हा कधी आलेच नाहीत का?

नदीकाठ:
आले की, १२८५ मध्ये, जोचीच्या घराण्यातले नोगाई आणि तालाबुगा. पण तोवर बेलाने जागोजागी दगडी किल्ले बांधून घेतले होते, यांची उपासमार झाली आणि बरीच माणसं गमावून परत गेले.