मेंदूवर आधारित एआय: शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला काय झेपेल?

ईएनटीसी_सांगली: गाईड सर म्हणतात, ‘मेंदूसारखं एआय’ असं काहीतरी घ्या. वाचायला बसलो तर कोणी अख्ख्या मेंदूचं सिम्युलेशन करतंय, कोणी न्यूरोमॉर्फिक (मेंदूच्या धर्तीवरची) चिप बनवतंय, आणि आपलं डीप लर्निंगही मेंदूवरूनच आलं म्हणे. आम्ही चौघं आहोत, जीपीयू नाही, एक बरा लॅपटॉप आहे. काय घ्यावं?

जुना_चिपवाला: डीप लर्निंग सोडा, त्याचं मेंदूशी नातं लांबचं. ह्यूबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या मेंदूत नजरेचं काम कसं चालतं ते पाहिलं, त्यावरून फुकुशिमांनी १९८० मध्ये निओकॉग्निट्रॉन हे नेटवर्क रचलं. सीएनएनची, म्हणजे चित्रं ओळखणाऱ्या डीप लर्निंग नेटवर्कची, मांडणी तिथून आली. पण सीएनएन शिकतं बॅकप्रॉपगेशनने, म्हणजे उत्तरातली चूक मागे नेत जोडण्यांची ताकद (वेट्स) सुधारत, आणि मेंदू तसाच शिकतो हे कोणी दाखवलेलं नाही.

चिप हा माझा धंदा, म्हणून जरा जास्त बोलतो. साध्या प्रोसेसरमध्ये वीज खाते ती मुख्यतः मेमरी आणि कोअरमधली डेटाची ये-जा. न्यूरोमॉर्फिक चिपमध्ये मेमरी कृत्रिम न्यूरॉनच्या शेजारीच असते आणि स्पाइक, म्हणजे न्यूरॉनचा विजेचा ठोका, आला तरच काम होतं. आयबीएमच्या ट्रूनॉर्थवर (२०१४) १० लाख न्यूरॉन, आणि वीज ७० मिलिवॉटच्या आसपास. झकास! पण ती चिप स्वतः शिकत नाही. बाहेर शिकवायचं आणि वेट्स आत भरायचे. स्पाइक म्हणजे हो किंवा नाही, बॅकप्रॉपला लागतं ते डेरिव्हेटिव्ह त्यातून कुठून काढणार? तिथेही मग बॅकप्रॉपसाठी जुगाड करावा लागतो. शिवाय कॉलेजला असं हार्डवेअर मिळणं कठीण.

तुम्ही फळमाशी घ्या. तिच्या पूर्ण मेंदूचा वायरिंग नकाशा, फ्लायवायर, २०२४ मध्ये नेचर या विज्ञानपत्रिकेत आला: सुमारे १.३९ लाख न्यूरॉन, ५ कोटींहून जास्त सिनॅप्स (न्यूरॉनमधल्या जोडण्या). त्याच डेटावर बर्कली विद्यापीठातल्या गटाने साध्या स्पायकिंग न्यूरॉनचं मॉडेल बांधलं. गोड चव ओळखणारे न्यूरॉन पेटवले की सोंड बाहेर काढणारा मोटर न्यूरॉन पेटतो. कोड खुला आहे, पायथनमधल्या ब्रायन या सिम्युलेटरवर, लॅपटॉपवर चालतो.

बायोवाली_पणजी: चिपवाले काका, घाई होतेय. सी. एलिगन्स या कृमीचे ३०२ न्यूरॉन, वायरिंग १९८६ पासून हातात आहे, तरी त्याचं वागणं पूर्णपणे कोणालाही सिम्युलेट करता आलेलं नाही. नकाशात सिनॅप्सची ताकद दिसत नाही. न्यूरोपेप्टाइड ही रसायनं तर सिनॅप्सच्या बाहेरूनही निरोप पोचवतात, ती कुठल्याच वायरिंगमध्ये नाहीत.

जुना_चिपवाला: मान्य, आणि तोच यांचा प्रोजेक्ट होऊ शकतो. त्या मॉडेलमध्ये प्रत्येक सिनॅप्सला सारखीच ताकद दिलीय.

ईएनटीसी_सांगली: म्हणजे दादा, ती ताकद आम्ही बदलून बघायची?

जुना_चिपवाला: हो. वेट्समध्ये थोडा थोडा नॉइज (अंदाधुंद फरक) घाला आणि सोंडेचा न्यूरॉन कधी गप्प होतो त्याचा ग्राफ काढा. मग एकूण जोडण्या तेवढ्याच ठेवून कोण कोणाला जोडलंय ते उलटसुलट करा. नॉइज पचला आणि उलटापालट पचली नाही, तर इथे वायरिंगच बरंचसं काम करतंय. उलट निघालं तर बायोवाली ताईंनाच तुमच्या गाईड म्हणून घ्या. फक्त सिनॉप्सिसमध्ये ‘माशीचा मेंदू बनवला’ असं लिहू नका, एक्स्टर्नल परीक्षक सोलून काढेल.