मदत हवी आहे: पिवळं युरेनियम खनिज, कुठल्याच यादीशी जुळत नाही

स्फटिकशोध
जुन्या खाणीच्या भिंतीवरचा पिवळा थर, त्यात बारीक सुया. ईडीएसमध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावरची क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखायची पद्धत) युरेनियम, गंधक, पोटॅशियम, ऑक्सिजन. रमण वर्णपटात (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशातून रेणूंची कंपनं दाखवणारा) ८३६ प्रति सेंटिमीटरला ठळक पीक. झिप्पेआइट (पोटॅशियमचं युरेनियम सल्फेट) म्हणावं तर प्रमाणं जुळत नाहीत. नवं खनिज म्हणून प्रस्ताव पाठवायचाय. कुठे पाठवायचा आणि नाव कसं द्यायचं एवढंच सांगा. घाई आहे.

लोलक
एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन, म्हणजे स्फटिकाची रचना दाखवणारी चाचणी) केली? सुयांची जाडी? सोबतची खनिजं? नमुना साफ कशाने केला?

स्फटिकशोध
एक्सआरडी नाही, माल फारच थोडा आहे. जाडी ५ मायक्रॉनच्या आसपास. सोबत जिप्सम. पाण्याने धुतला. या सगळ्याचा प्रस्तावाशी काय संबंध?

किरणशलाका
धुण्याचा तर थेट संबंध आहे. बरीचशी युरेनिल सल्फेटं (युरेनिल म्हणजे एक युरेनियम आणि दोन ऑक्सिजनचा गट) पाण्यात लगेच विरघळतात. युटामधल्या ब्लू लिझर्ड खाणीतलं ब्लूलिझर्डाइट हे असंच एक खनिज धुतलं तर शिल्लक काहीच राहणार नाही. न धुतलेला तुकडा असेल तर तो बाजूला काढा आणि यापुढचं सगळं त्याच्यावरच करा. साफ करायचाच तर सूक्ष्मदर्शकाखाली, सुईच्या टोकाने, कोरडा.

मूलकण
तुमच्या यादीतलं पोटॅशियम आधी खोडा. युरेनियमची एम-बीटा ही क्ष-किरण रेषा ३.३४ केईव्हीला (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट), पोटॅशियमची के-अल्फा ३.३१ ला. ईडीएसची विभेदनक्षमता साधारण १३० ईव्ही, त्यामुळे त्याला या दोन वेगळ्या दिसतच नाहीत आणि सॉफ्टवेअर खुशाल पोटॅशियम लिहून मोकळं होतं. उलट सोडियम इलेक्ट्रॉन शलाकेखाली सरकतं आणि कमी मोजलं जातं. पोटॅशियम खोटं आणि सोडियम हरवलेलं, असं असेल तर हे नॅट्रोझिप्पेआइट, म्हणजे झिप्पेआइटचा सोडियमवाला भाऊ, असण्याची शक्यता मोठी.
मायक्रोप्रोबवर (बारीक इलेक्ट्रॉन शलाकेने संघटन मोजणारं यंत्र) डब्ल्यूडीएसने मोजा, ती क्ष-किरण तरंगलांबीनुसार वेगळे करते आणि ईडीएसपेक्षा बारीक फरक दाखवते. विद्युतप्रवाह ५ नॅनोअँपिअर किंवा कमी, सोडियम सगळ्यात आधी. एरवी शलाका १० ते २० मायक्रॉन पसरवतात, पण ५ मायक्रॉनच्या सुईवर ते जमणार नाही. सुयांचा दाट गुच्छ आडवा बसवा. पोटॅशियम नसलेल्या युरेनियम डायऑक्साइडवर पोटॅशियमच्या रेषेच्या जागी किती संकेत येतो ते मोजा, जो आकडा येईल तो युरेनियमच्या प्रमाणात वजा करा. निर्वातात पाणी उडतं, म्हणून ऑक्साइडांची बेरीज फुगलेली येईल.

रमणप्रेमी
एवढ्या खटाटोपाची गरज नाही. ७८५ नॅनोमीटरचा लेझर घ्या म्हणजे युरेनिलची प्रतिदीप्ती (त्याची स्वतःची चमक) आड येत नाही. शक्ती अगदी कमी ठेवा, नाहीतर नमुना तापून पाणी सोडतो. संदर्भ वर्णपटाशी ताडून पाहा, उत्तर मिळेल.

मूलकण
८३६ चं पीक म्हणजे युरेनिलचं सममित ताणकंपन. युरेनिल आहे एवढं कळलं. झिप्पेआइट गटातल्या सगळ्यांची पिकं त्याच टापूत येतात. रमण पूरक पुरावा आहे, ओळखपत्र नव्हे.

लोलक
रचना लागेलच. एकस्फटिक विवर्तनाला मोलिब्डेनम किंवा चांदीचं प्रारण घ्या, तांब्याच्या प्रारणाला युरेनियम फार शोषून घेतं. शोषण-दुरुस्ती तरीही हवीच. विवर्तनात युरेनियमचंच वर्चस्व असतं, त्यामुळे हायड्रोजनच्या जागा सहसा मिळत नाहीत, हायड्रॉक्सिल आणि पाणी कोणतं ते बंधसंयुजेच्या बेरजेवरून (प्रत्येक ऑक्सिजनला मिळणाऱ्या बंधांच्या ताकदीची बेरीज) ठरवावं लागतं. जुळ्या (एकमेकांत वाढलेल्या) स्फटिकांवरही लक्ष ठेवा. स्फटिक फारच बारीक निघाला तर इलेक्ट्रॉन विवर्तन.

डोसमापी
नमुना बंद डबीत बंद खोलीत ठेवू नका, रेडॉन साचतो. हातमोजे घाला आणि कोरडा नमुना कुटू नका, धूळ श्वासात जाणं सगळ्यात वाईट.

स्फटिकशोध
ते माहीत आहे. नावाचं कुणीच सांगत नाही.

किरणशलाका
प्रस्ताव आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेच्या नवखनिज आयोगाकडे जातो. रासायनिक संघटन, रचना, प्रकाशीय गुणधर्म, जवळच्या खनिजांशी तुलना आणि मूळ नमुना संग्रहालयात ठेवल्याची नोंद, हे सगळं त्यात हवं; मग सभासद मत देतात. मंजुरीपूर्वी नाव कुठेही छापायचं नाही. स्वतःचं नाव चालत नाही, हयात व्यक्तीचं द्यायचं तर तिची संमती लागते.

रमणप्रेमी
आधी सोडियम आहे का ते तरी पाहू द्या. ईडीएसमध्ये १.०४ केईव्हीजवळ काही दिसतंय का?

स्फटिकशोध
एक लहान उंचवटा आहे. गोंगाट समजून सोडला होता.

मूलकण
नवा तुकडा, कमी प्रवाह, वेगवेगळ्या जागी, प्रत्येक जागी लागोपाठ दोन, दहा-दहा सेकंदांचे वर्णपट घ्या. सुरुवातीला उंचवटा मोठा आणि त्याच जागी दुसऱ्या वाचनात लहान झाला, तर ते सोडियमच.