यंत्राने काढलेला गोंयकार आणि आपले हसू

धागा सुरू करणारी, फोंडा

कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली, गोव्यातल्या एका वाड्यावर, म्हणजे गावातल्या वस्तीत, घडणारी विनोदी अॅनिमेशन मालिका सध्या आपल्या सर्वांच्या मोबाइलवर फिरते आहे. तिच्याविषयी म्हापशाच्या एका सभासदाने परवा लिहिले की ज्यांना ती पाहून हसू येत नाही त्यांना विनोदच कळत नाही, चित्रकारांची ओरड ही निव्वळ पोटदुखी आहे, आणि लोक हसले म्हणजे प्रश्न मिटला. हे वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी चारही भाग पाहिले. पहिल्या भागात गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) पलीकडे गेलेल्या आंब्याच्या फांदीवरचे भांडण आहे, तिथे मी मनापासून हसले. ते भांडण आमच्या वाड्यावर माझ्या लहानपणी झालेले आहे आणि ज्याने तो प्रसंग लिहिला त्याने ते कुठेतरी कानांनी ऐकलेले आहे, याबद्दल मला शंका नाही. पण पुढचे भाग पाहा. ख्रिस्ती माणूस पडद्यावर आला की त्याच्या हातात बाटली असते, तो झोकांड्या देतो आणि तोच विनोद ठरतो. हिंदी चित्रपटांनी कित्येक दशके गोंयकाराचे, म्हणजे गोव्याच्या माणसाचे, जे सोंग केले आणि ज्याबद्दल आपण सगळे एकमुखाने संतापत आलो, तेच सोंग यंत्राने उचलले आहे. त्याचे कारणही उघड आहे. यंत्र शिकते ते आंतरजालावर ज्या चित्रांची आणि मजकुराची गर्दी आहे त्यावरून, आणि गोव्याच्या नावावर तिथे गर्दी आहे ती पर्यटकांच्या छायाचित्रांची: समुद्रकिनारा, चर्च, बाटली. सत्तरी तालुक्यातले कुळागर (सुपारीची बाग), चवथीला गणपतीवर टांगतात ती फळापानांची माटोळी, उत्सवात रात्रभर चालणारे गावचे नाटक यांचे प्रमाण त्यात नगण्य आहे. म्हणजे पाहुण्याच्या नजरेला जो गोवा दिसला तोच आपल्याला परत दाखवला गेला, आणि आपण त्याला टाळ्या दिल्या.

तिसऱ्या भागात माडावर चढून माडी काढणारा रेंदेर आहे. पहिल्या दृश्यात त्याच्या कमरेला माडी भरायचे भोपळ्याचे दुदिणे आहे, दुसऱ्यात त्या जागी काचेची बाटली आहे आणि तिसऱ्यात त्याची मिशी नाहीशी झालेली आहे. लोक त्यालाही हसले. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनीही गोव्याच्या माणसांची नाके आणि पोटे हवी तितकी ताणली, परंतु तरुणपणी लोटली गावी बसून रोजनिशीत ते आसपासची माणसे टिपत होते, आणि त्यांचा पोदेर (पाववाला) पाहिला की हा कोणाच्या दारात सायकल टेकवतो ते ओळखता येईल असे वाटते. या मालिकेतल्या रेंदेराला कोणाचेच दार नाही.

म्हापशाहून, ज्यांच्या मतावर हा धागा निघाला ते

बाई, माझे म्हणणे आपण अर्धेच घेतले आहे. माझी दोन्ही मुले हिंदीत भाषांतरित केलेली जपानी व्यंगपटे पाहत वाढली. त्यांना त्या जपानी मुलाच्या घरातले जेवण माहीत होते आणि आपली शितकडी (भात आणि कालवण) मात्र त्यांनी पडद्यावर कधी पाहिली नाही. आपल्या वाड्यावरचे व्यंगपट कोणी का काढले नाहीत? सेकंदाला बारा चित्रे धरली तरी बावीस मिनिटांच्या एका भागाला १५,८४० चित्रे लागतात. २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या राज्यासाठी हा खर्च कोण करणार होते? तो कोणी केला नाही आणि केलाही नसता. आता एखादा मुलगा घरी बसून ते करू शकतो, तर त्याच्या पहिल्याच पावलावर आपण सगळे तुटून पडतो.

दारुड्याचे म्हणाल तर आपल्या तियात्रातही, म्हणजे कोंकणी नाटकातही, दारुडा असतो आणि प्रेक्षक पोट धरून हसतात. माणसाने केले तर ती परंपरा आणि यंत्राने केले तर तो अपमान, हा न्याय मला मान्य नाही.

मडगावहून

तियात्राचे नाव निघाले म्हणून लिहिणे भाग आहे. पहिला तियात्र १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. पोटासाठी तिकडे गेलेल्या गोंयकारांनी तो स्वतःच्या माणसांपुढे स्वतःच केला. माझे आजोबा बोटीवर होते, रजेवर घरी आले की न चुकता तियात्राला जात आणि मला बरोबर नेत. तिथला दारुडा रंगमंचाच्या कडेला येऊन मंत्र्याचे वाभाडे काढतो, कांतारातून (गाण्यातून) पंचायतीला जाब विचारतो, आणि शुद्धीवर असलेल्या माणसाला जे बोलता येत नाही ते बोलण्यासाठीच त्याला दारुडा केलेले असते. बाटली हे त्याचे निमित्त आहे. मालिकेतला माणूस पडतो, उठतो, पुन्हा पडतो. त्याला सांगायचे काहीही नाही. शिवाय तियात्रात एखादे वाक्य झोंबले तर प्रेक्षक बसल्या जागेवरून ओरडतो आणि नटाला त्याच क्षणी उत्तर द्यावे लागते. या दोन गोष्टींना एकाच मापाने मोजण्याआधी आपण एखादा तियात्र शेवटपर्यंत पाहावा अशी माझी विनंती आहे.

डिचोलीहून, अॅनिमेशनचे काम करणारा

म्हापशाच्या काकांचा हिशेब जुन्या पद्धतीचा आहे, तो दुरुस्त करतो. दूरचित्रवाणीवरच्या बहुतेक मालिकांत आज प्रत्येक चित्र नव्याने काढत नाहीत; पात्राचे हातपाय, डोळे, ओठ वेगळे करून संगणकात सांगाडा बांधतात आणि तो हलवतात. त्यामुळे खर्च अशक्य होता हे पूर्ण खरे नाही. मात्र आपल्या भाषेसाठी तेवढाही खर्च कोणी केला नाही हे खरे आहे, आणि ते मला नाइलाजाने मान्य करावे लागते.

माझा अनुभव सांगतो. मी मुंबईत सात वर्षे या धंद्यात होतो. शेवटच्या वर्षी एका स्टुडिओने आम्हाला यंत्राने तयार केलेली दृश्ये ‘फक्त नीट करण्यासाठी’ दिली आणि मोबदला आधीच्या एक तृतीयांशावर आणला. नीट करायचे म्हणजे सहावे बोट खोडायचे, बदललेला सदरा पुन्हा पहिल्या रंगाचा करायचा, भिंतीत शिरलेला पाय बाहेर काढायचा. नवे चित्र काढण्यापेक्षा त्याला जास्त वेळ लागत असे. मी ते काम सोडून गावी आलो.

विनोदाच्या दृष्टीने खरी अडचण थांबण्याची आहे. २०२५ च्या मे महिन्यात आलेल्या गूगलच्या व्हिओ ३ या चित्रफिती बनवणाऱ्या यंत्रात आवाजासह दृश्य मिळत होते, पण एका वेळी आठ सेकंदांचे. आठ सेकंदांत वाक्य बसते, वाक्यानंतरची शांतता बसत नाही. आंब्याच्या फांदीचा प्रसंग जमला, कारण तो मुळात आरडाओरड्याचा आहे. चौथ्या भागात म्हातारी मुलाच्या पत्राची वाट पाहते आणि पोस्टमन दारावरून पुढे निघून जातो, तिथे सायकल दिसेनाशी होईपर्यंत तिचा चेहरा नुसता दिसायला हवा होता. मालिकेत ती लगेच बोलू लागते आणि प्रसंग मरतो.

याच्या उलट उदाहरणही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. ‘नथिंग, फॉरएव्हर’ ही एका जुन्या अमेरिकन विनोदी मालिकेची नक्कल करणारी मालिका डिसेंबर २०२२ पासून ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर अहोरात्र चालत होती आणि तिचे संवाद यंत्रच लिहीत असे. पात्रे भलत्या ठिकाणी थांबत, काहीही विनोद नसताना हशा वाजत असे, आणि हजारो लोक त्या अवघडलेपणालाच हसण्यासाठी बसून राहत. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुख्य पात्र तृतीयपंथी लोकांविषयी द्वेषाचे बोलले आणि तिच्यावर चौदा दिवसांची बंदी आली. संवाद लिहिणाऱ्या नेहमीच्या भाषा-प्रारूपात बिघाड झाल्यामुळे जुने प्रारूप लावले होते, असे कारण निर्मात्यांनी दिले. लोकांचे हसणे खरे होते. पण दुखावणारे वाक्य आले तेव्हा ते कोणी म्हटले, असे विचारायला समोर माणूस नव्हता.

पेडण्याहून

चित्रांवर एवढी चर्चा झाली आणि कानांना काहीच खटकले नाही याचे मला आश्चर्य वाटते. वाड्यावरची म्हातारी पुण्यातल्या वृत्तनिवेदिकेसारखी बोलते. आमच्याकडे दशावताराच्या लोकनाट्यात संकासूर हा विनोदी राक्षस येतो तेव्हा तो ज्या गावात खेळ असेल त्या गावच्या बोलीत प्रेक्षकांची खोडी काढतो. त्याचा एकही विनोद कागदावर नसतो, गाव बदलले की विनोद बदलतो. मालिकेतल्या म्हातारीसारखी मराठी आमच्या कोणत्याही वाड्यावर कोणी बोलत नाही.

काणकोणहून

बोलत नाही, कारण वाड्यावर कोंकणी बोलतात. ही मालिका मराठीत करण्याचे प्रयोजनच मला समजलेले नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यात कोंकणी मातृभाषा सांगणारे सुमारे ६६ टक्के होते आणि मराठी सांगणारे सुमारे ११ टक्के. १९८७ च्या कायद्याने कोंकणी राजभाषा ठरली, १९९२ मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली, तरीही आमच्या म्हातारीच्या तोंडी मराठीच घालण्याचा हट्ट सुटत नाही.

पेडण्याहून

‘आमच्या म्हातारीच्या’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? माझी आजी घरात जी बोली बोलत असे तिला आपण कोंकणी म्हणा, पण ती रोज सकाळी पोथी मराठी वाचत होती, गावच्या उत्सवात नाटक मराठी होत होते आणि वडिलांनी तिला बोरीहून पाठवलेली पत्रेही मराठीच होती. त्याच १९८७ च्या कायद्यात शासकीय कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. ती सोडून अर्धाच कायदा सांगणे योग्य नव्हे. जनगणनेच्या एका रकान्यावरून कोणाची आजी कोणाच्या वाट्याला जाते ते ठरवू नये.

काणकोणहून

पोथी वाचणे आणि शेजारणीशी भांडणे यांतला फरक आपल्यालाही कळतो. विनोद भांडणाच्या भाषेत होतो. माझी आई शाळेत कोंकणी बोलली म्हणून तिला बाकावर उभे केले होते, आणि आज सत्तराव्या वर्षीसुद्धा ती अर्ज लिहायला बसली की घाबरते. ती आठवण घेऊन मी ही मालिका पाहिली, त्यामुळे मला हसू आले नाही. मला विनोद कळत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी खुशाल वाटून घ्यावे.

धागा सुरू करणारी, फोंडा

आपण दोघेही रागावला आहात, आणि हा वाद आपल्या घराघरांत साठ वर्षे चालू आहे, त्यामुळे तो येथे मिटवण्याचा प्रयत्न मी करणार नाही. परंतु दोघांच्या बोलण्यातून मालिकेविषयी जे निघते ते सोडून देता येत नाही. गोव्यातल्या कितीतरी हिंदू घरांत लिहिण्यावाचण्याची भाषा मराठी राहिली आणि भांडण्याची, लाडाची, टिंगलीची भाषा कोंकणी राहिली. ख्रिस्ती घरांतले लेखन रोमी (रोमन) लिपीत राहिले. गूगलच्या भाषांतराच्या सोयीत कोंकणी आली तीच मुळी मे २०२२ मध्ये. यंत्राला लिहिलेले तेवढेच मिळते. आपले हसणे मात्र बहुतांशी बोललेले आहे आणि बोलणाऱ्याबरोबर गेलेले आहे. संकासुराचा विनोद कागदावर नसतो असे आपण अभिमानाने लिहिलेत. मलाही तो अभिमान आहे, पण त्यामुळेच यंत्राने म्हातारीच्या तोंडी वृत्तनिवेदिका बसवली.

साखळीहून

माझे वडील उत्सवी नाटकांचे पडदे रंगवत. राजवाडा, अरण्य, रस्ता असे तीन पडदे रंगवायला त्यांना दोन महिने लागत, आणि आमच्या ओसरीला त्या दिवसांत खळीचा आणि रंगाचा वास येई. मग छापील फ्लेक्स आला. ज्या मंडळाचे काम ते पंचवीस वर्षे करत होते, त्याच मंडळाने एका रात्रीत छापून आणलेला राजवाडा लावला. त्यात एका कोपऱ्यात परदेशातल्या हॉटेलाचे झुंबर स्पष्ट दिसत होते. वडील पहिल्या रांगेत बसून नाटक पाहत होते. प्रेक्षकांपैकी कोणालाही ते झुंबर खटकले नाही, नाटक रंगले, लोक हसले, रडले. घरी परत येताना वडील एकच वाक्य बोलले, की माणसांना नट पुरतो. त्यानंतर त्यांनी ब्रश हातात घेतला नाही.

म्हणून म्हापशाच्या काकांना मी खोटे ठरवू शकत नाही. लोक हसतील, आणि चित्र कोणी काढले ते विचारणार नाहीत. पण त्या मंडळाने वडिलांना निदान आधी येऊन सांगायला हवे होते, ही खंत मला वीस वर्षांनंतरही आहे.

म्हापशाहून

साखळीच्या भावाचे वाचून मी माझा एक शब्द मागे घेतो. ‘पोटदुखी’ असे मी लिहायला नको होते. बाटलीच्या बाबतीतही मडगावकरांचा मुद्दा मला पटला नाही असे म्हणता येणार नाही. बाकीचे मत कायम आहे. ती मालिका करणारा मुलगा माझ्या ओळखीचा आहे, बारावी झालेला आहे, त्याच्यामागे कोणी निर्माता नाही, आणि आंब्याच्या फांदीचा प्रसंग त्याने स्वतः, स्वतःच्या आजीचे भांडण आठवून लिहिला आहे. उरलेले तीन भाग त्याने यंत्राकडूनच लिहून घेतले, हे त्यानेच मला सांगितले.

धागा सुरू करणारी, फोंडा

मग पहिल्याच भागात मी का हसले ते मला समजले. त्या मुलाला माझा निरोप द्या. पाचवा भाग त्याने स्वतः लिहावा. म्हातारीचे संवाद काणकोण आणि पेडणे, दोन्हीकडच्या माणसांना वाचून दाखवावेत. ते भांडले तरी चालेल. रेंदेराचे दुदिणे पाहायचे असेल तर आमच्या वाड्यावर यावे, एकजण अजून माडावर चढतो. आणि चित्रे यंत्राची आहेत हे भागाच्या सुरुवातीलाच, वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहावे. एवढे केले तर मी तो भाग पाहीन. हसेन असे आताच सांगत नाही.

डिचोलीहून

पोस्टमनच्या प्रसंगातली ती शांतता मी हाताने काढून देतो. मोबदला नको, नाव द्यावे.