घरात एकत्र स्वयंपाक, मग एकट्या माणसाचं मीठ मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. सासऱ्यांना (वय ७१) बीपीचा त्रास आहे, टेल्मिसार्टन चालू आहे आणि आता डॉक्टरांनी सांगितलंय दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे जेमतेम एक सपाट टीस्पून. ऐकायला सोपं आहे हो, पण आमच्याकडे आमटी एकाच पातेल्यात पाच जणांची होते आणि मीठ हाताच्या अंदाजाने पडतं, त्यात त्यांच्या वाट्याला किती गेलं हे कळणार कसं?

सध्या मी रविवारी मिठाच्या बरणीचं वजन करते, पुढच्या रविवारी परत करते. आठवड्यात २४५ ग्रॅम घटलं, म्हणजे डोई दिवसाला ७ ग्रॅम. पण पोरं कमी खातात, त्यामुळे हा आकडा सासऱ्यांना कितपत लागू होतो कोण जाणे. शिवाय बाबांच्या ताटात डावीकडे लिंबाशेजारी चिमूटभर मीठ लागतंच, नाही वाढलं तर स्वतः उठून घेतात, वर ठेचा, लोणचं, पापड आहेच.

तर विचारायचं असं की लोणचं-पापडाचा हिशोब कसा धरता? आणि नणंद म्हणते सैंधव वापरा, त्याने बीपी वाढत नाही, दुकानदार म्हणतो लो सोडियम मीठ घ्या. नक्की काय करू?

प्रतिसाद १: लो सोडियम मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात आणू नका!! त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं आणि टेल्मिसार्टनने पण रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, किडनी कमजोर असेल तर जास्तच. सैंधव म्हणजे पण बहुतेक सोडियम क्लोराइडच, वर साध्या मिठासारखं आयोडीन नाही. विकतच्या पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणा की मीठ आलं. समजा १०० ग्रॅमला १८०० लिहिलंय तर साडेचार ग्रॅम मीठ. पापडखारातलं सोडियम पण त्यात आलं, म्हणून पापड खारट लागला नाही तरी फसू नका.

प्रतिसाद २: बरणीतलं मीठ भाज्या धुवायला, लोणचं घालायला जात असेल तर ते वजा करा. आम्ही आईची आमटी आधी बाजूला काढतो, तिच्यात मोजून मीठ, वर कोकम आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. पहिले काही आठवडे कुरकुर होते, मग जिभेला सवय लागते. खरी खात्री हवी असेल तर २४ तासांची लघवी साठवून सोडियम तपासतात, खाल्लेलं बहुतेक सोडियम त्यातूनच बाहेर पडतं.

धन्यवाद दोघांना, लो सोडियमचं बरं झालं विचारलं, आज आणणारच होते. वेगळी आमटी काढून बघते. पण ठेच्याचं काय, मीठ कमी घातलं तर नुसता जाळ होतो, कुणी दाण्याचं कूट जास्त घालून करून बघितलाय का?