मदत हवी आहे : सुमो-१ प्रथिनाची अस्थिर शेपटी सिम्युलेशनमध्ये ठेवावी की वगळावी?

नमस्कार. मानवी सुमो-१ या युबिक्विटिनसदृश (युबिक्विटिन म्हणजे पेशीतील इतर प्रथिनांना जोडले जाणारे छोटे प्रथिन) प्रथिनाच्या मॉलिक्युलर डायनॅमिक्स सिम्युलेशनची, म्हणजे अणूंच्या हालचालींच्या संगणकीय प्रतिरूपणाची, तयारी करताना मी एका निर्णयापाशी अडलो आहे. परिपक्व सुमो-१ मध्ये ९७ अमिनो आम्ले असतात. युबिक्विटिनशी त्याचे क्रमसाम्य जेमतेम १८ टक्के असले, तरी मधल्या गाभ्याची घडी तशीच घट्ट आहे. मात्र युबिक्विटिनमध्ये नसलेली सुरुवातीची सुमारे २० अमिनो आम्ले (हीच ती शेपटी) ठरावीक आकार धारण करत नाहीत, आणि दोन ग्लायसिनांनी संपणारे दुसरे टोकही बरेच लवचीक असते.

अडचण सीमेची आहे. एनएमआरमधील (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रकांचे संकेत मोजण्याच्या पद्धतीतील) नायट्रोजन-१५ची एनओई मूल्ये, जी साखळी त्या जागी किती ताठ आहे ते दाखवतात, गाभ्यात उंच आणि शेपटीत अगदी खाली, प्रसंगी ऋणही, असतात. पण या दोहोंमधल्या काही अमिनो आम्लांत ती हळूहळू चढतात, तेव्हा ‘येथून सुव्यवस्थित भाग सुरू’ असे कोणत्या निकषावर म्हणावे? केवळ अल्फाफोल्ड या प्रथिनरचनेचा अंदाज बांधणाऱ्या प्रणालीचा विश्वासांक पाहून कात्री चालवणे मला पटत नाही, कारण तो अंक म्हणजे हालचालीचे मोजमाप नव्हे.

शेपटी ठेवावी, तर जुनी फोर्स फील्ड्स (सिम्युलेशनमध्ये अणूंमधील बले ठरवणारी गणिती सूत्रे) अशा भागांना वाजवीपेक्षा अधिक आकसलेले दाखवतात. वगळावी, तर गाभ्याशी तिचा काही क्षणिक संबंध येत असल्यास तो दिसणारच नाही. अशा मिश्र प्रथिनासाठी गाभा न बिघडवता शेपटी मोकळी ठेवणारी कोणती फोर्स फील्ड आणि पाण्याचे कोणते प्रारूप आपण वापरले आहे, आणि निष्कर्ष एनएमआरच्या कोणत्या मोजमापांशी पडताळून पाहिले, हे कृपया सांगावे.